तुझ्या बुचांना लावलेलं तेल

करुणा,

काल तुझ्या पुण्यानुमोदनाला बावड्याला येऊन गेले. समोर बुद्धाची मूर्ती, शेजारी तुझा फोटो आणि पांढरी फुलं. तो फोटो मला पहिल्यापासून खटकला. त्यात तू हसते आहेस, पण तुझं नेहमीचं तोंडभर हसू ते नव्हे. आपल्याला सगळं ठाऊक आहे, आता समोरची कधी कबूल होते ते बघू, असं काहीतरी त्यात आहे. वंदना चालू असताना मी एकदा फोटोकडं आणि एकदा दाजींकडं बघत होते. यांनी हाच फोटो का लावला असेल? शेवटी न राहवून विचारलं, तर दाजी म्हणाले, तुझा एकटीचा एवढाच सापडला, बाकी सगळ्यांत कुणी ना कुणी शेजारी उभं आहे. उत्तर सरळ होतं. सरळ उत्तरं मला पचत नाहीत, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार?

माझी आई म्हणायची, ही पोरगी देवळातनं बाहेर आली की स्वतःची चप्पलसुद्धा दोनदा उलटीपालटी करून बघती. तू म्हणायचीस, वैजे, तू चहा पिण्याआधी कप हुंगतीस. दोन्ही खरं आहे. सूक्ष्मजीवशास्त्रात हा स्वभाव खपून गेला, कारण तिथं त्याला काटेकोरपणा म्हणतात. घरात आणि मैत्रीत त्याला जे म्हणतात ते म्हणायला तू फार सभ्य होतीस.

तुझ्याबद्दल चार चांगले शब्द लिहायला बसले आणि पहिल्या पानावर हेच आलं. मी तुझ्यावर संशय घेतला होता. नुसता घेतला नाही, तो नेऊन आपल्या गाइड सरांच्या टेबलावर ठेवला. त्यामुळं तुझी पीएच.डी. अर्धवट राहिली. हे काम माझं होतं हे तुला कधी कळलं का, तेवढंच मला अजून कळलेलं नाही. आणि आता विचारायला तू नाहीस.

नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली ती लॅब आठवते का? एकच टेबल, एकच गाइड आणि दोघींचा विषयही जवळजवळ एकच. हवा कमी पडली की यीस्टच्या पेशीला ते कळतं कसं? मला घरी कुणी विचारलं की मी सांगायचे, पाव फुगवतं ना, ते यीस्ट. पुढं कुणी विचारायचं नाही. तू मात्र तुझ्या आजीलाही नीट समजावून सांगायचीस. यीस्ट हवेत जगतं आणि हवेवाचूनही जगतं. पण हवा पार संपेपर्यंत ते थांबत नाही. कमी पडायला लागली की आधीच कारभार बदलतं, काही कामं बंद करतं, काही नवी काढतं. त्याला नाक नाही, फुप्फुस नाही, मग ही बातमी त्याला देतं कोण?

सरांचं म्हणणं, हीम. आपलं रक्त लाल करणारा तो पदार्थ यीस्टमध्येही असतो आणि तो बनवायला ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन घटला की हीम घटतं आणि पेशी सावध होते. मी सरांच्या बाजूची, कारण सरांच्या बाजूचं छापून आलेलं होतं. तुझं वेगळंच. पेशीभोवतीच्या पातळ पडद्याला जी चरबी लागते तीही ऑक्सिजनशिवाय बनत नाही, मग ती कमी पडल्यावर पेशीला कळत असेल, असं तू म्हणायचीस.

"वैजे, पेशी हवा मोजत न्हाय," तू सांगायचीस. "हवा न्हाय म्हणून घरात काय संपलंय ते बघती. आपली आई तेलाचा डबा हलवून बघती की, तसं."

मी म्हणायचे, छापलेलं दाखव. तू म्हणायचीस, आपण छापू. हा वाद डबा खाताना सुरू व्हायचा आणि बसस्टॉपपर्यंत चालायचा. तो आपण कधीच संपवला नाही.

तुझं यीस्ट गुऱ्हाळावरचं. उसाचा रस साठवायच्या टाकीच्या कडेला फेस साचतो, त्यातून तू ते वेगळं काढलं होतंस आणि त्याचा तुला पोटच्या पोरासारखा अभिमान. माझं यीस्ट सरांनी बाहेरून मागवलेलं, नावनंबर असलेलं. पद्धत दोघींची एकच. बाटलीत साखरेचं पोषक पाणी, त्यात चिमूटभर यीस्ट, मग सिलिंडरमधला नायट्रोजन सोडून आतली हवा घालवायची आणि रबरी बूच घट्ट दाबायचं. हवा नाही आणि बाहेरून चरबीही दिली नाही, तर यीस्टच्या चार-पाच पिढ्या होतात आणि वाढ थांबते. पुस्तकात तसं लिहिलं होतं आणि माझ्या बाटल्यांत अगदी तसंच व्हायचं.

आता खंडेनवमीचं सांगते, कारण सगळं तिथून सुरू झालं. त्या दिवशी कोल्हापुरात फौंड्रीपासून रिक्षापर्यंत सगळी हत्यारं धुऊन, तेल लावून पुजतात, मग आपली लॅब कशी सुटेल? सर स्वतःला नास्तिक म्हणवायचे, पण बाटल्या वाफेवर निर्जंतुक करायच्या ऑटोक्लेव्हला झेंडूचा हार पडल्याशिवाय त्यांचा दसरा सुरू व्हायचा नाही. पूजेचं काम माझ्याकडं. तू त्या दिवशी नसायचीस. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला तुमच्या वस्तीत धम्मचक्र दिनाचा कार्यक्रम असायचा आणि त्याच्या तयारीला तू आदल्या दिवशीच जायचीस.

पहिल्या वर्षी मी तुझ्याही बाटल्यांना हळदकुंकू लावलं. तुझी बुचं जुनी, कुणाकुणाच्या हातून आलेली, लाकडासारखी कडक. माझी नवी होती, भावानं पुण्याहून आणून दिलेली. म्हणून पूजेच्या ओघात तुझ्या बुचांना आमच्या घाण्यावरचं शेंगतेल चोळलं, म्हणजे जरा मऊ पडतील. परत आल्यावर तू कुंकू पुसून काढलंस, बोटं तेलकट झाली म्हणून ती ॲप्रनला पुसलीस आणि शांतपणे म्हणालीस, "वैजे, तुझी पूजा तू कर, माझी ना न्हाय. माझ्या सामानाला नको."

मला लागलं. दोन दिवस मी त्या वाक्याचा अर्थ काढत बसले. तुझ्या मनात आमच्याबद्दल नक्की काय आहे, हे शोधत राहिले. माझ्या मनात काय आहे ते शोधावं असं काही सुचलं नाही. दुसऱ्या वर्षी कुंकू टाळलं, तेल मात्र लावलंच, आणि तू पुन्हा बोलशील म्हणून मुद्दाम सांगितलं नाही. वाईट काही केलं असं वाटलं नव्हतं. बहिणीच्या डोक्याला तेल लावावं तसं लावलं होतं.

दोन्ही वर्षी दसऱ्यानंतर तुझ्या बाटल्यांत नवल घडलं. हवा नाही, चरबी दिलेली नाही, तरी तुझं गुऱ्हाळाचं यीस्ट आठ-नऊ पिढ्या वाढत गेलं. सर हरखले. त्यांनी येईल त्याला तुझ्या बाटल्या दाखवल्या. पहिल्या वर्षी संक्रांत येईपर्यंत वाढ पुन्हा मंदावली, तेव्हा तू म्हणालीस, थंडी बाधली असेल. मी तेच यीस्ट माझ्या बाटल्यांत लावून पाहिलं आणि ते पाचव्या पिढीला बसलं. आता यीस्ट तेच, पाणी तेच, नायट्रोजनचं सिलिंडर तेच. फरक फक्त हाताचा. माझ्या मनात पाल चुकचुकली.

आणि एकदा चुकचुकली की ती काय थांबते? हे सगळं दसऱ्यापासून दिवाळीपर्यंतच का होतं? त्या दिवसांत सर रजेवर, लॅब रिकामी आणि किल्ली तुझ्याकडं. मी जुन्या नोंदवह्या काढून तुझ्या चांगल्या निकालांचे दिवस जुळवून पाहिले. दोन्ही वर्षी दसऱ्यानंतरचेच. बघ, उत्तर माझ्या हातात होतं. दसऱ्याला लॅबमध्ये कोण काय करतं, एवढं एक विचारलं असतं तर मी आरशासमोर जाऊन उभी राहिले असते. पण मी तुझ्याकडं बघत होते. तू हळूच बूच सैल करून हवा आत सोडतेस, हे मी ठरवून टाकलं होतं.

मग मी ते केलं. काचेवर लिहायची मेणाची पेन्सिल घेतली आणि तुझ्या दहा बाटल्यांवर एकेक बारीक रेघ ओढली, अर्धी काचेच्या गळ्यावर आणि अर्धी बुचावर. बूच हललं तर रेघ मोडणार. आपल्याबरोबर आणखी एक जण काम करायचा, आमच्याच पाहुण्यांतला. त्याचेही आकडे फार गुळगुळीत यायचे. त्याच्या बाटल्यांवर मी कधी रेघ ओढली नाही. का, ते मला कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. आज विचारते, तर उत्तर द्यायला लाज वाटते. तुझ्या सामानाला पूजा नको, हे वाक्य मी मनात धरून बसले होते, आणि ते वाक्य कोणत्या वस्तीतून आलं होतं तेही.

दोन दिवसांनी पाहिलं, तर एक रेघ मोडलेली. बूच केसभर वर सरकलं होतं. ती बाटली उचलून मी थेट सरांकडं गेले.

त्यांनी तुला बोलावलं तेव्हा मी चहाला निघून गेले, तेही ठरवून. तू बाहेर आलीस, रुमालानं चष्मा पुसलास आणि सांगितलंस की सरांनी सगळं त्यांच्यासमोर पुन्हा करायला सांगितलंय. ते जमेपर्यंत माघ उजाडला. तोवर तुझी बुचं कितीदा उकळली, धुतली गेली होती. यीस्ट पाचव्या पिढीला बसलं. सर रागावले नाहीत. ते फक्त तुझ्या वहीवर सही करायचे थांबले. तेवढं पुरलं. उन्हाळ्यात तू लांबच्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट म्हणून लागलीस. मी तुला एसटी स्टँडवर पोचवायला आले आणि तुझ्यासाठी खरोखर रडले. ते रडणं खोटं नव्हतं, करुणा. माझ्यावर विश्वास ठेव, असं म्हणायचा हक्क मला नाही, तरी म्हणते.

पुढची वर्षं तू एसटीडी बूथवरून फोन करायचीस, मग मोबाइल आला. आपल्याकडच्या बायका बोलतात तसं तुझं "बरं, ठेवतो गं" ऐकलं की माझ्या छातीवरचं ओझं जरा हलायचं, कारण आवाजात राग नसायचा. मग लगेच वाटायचं, राग का नाही? एवढं झालं तर माणसानं चिडायला हवं. कुठंतरी पाणी मुरतंय. तू दर दिवाळीला गुऱ्हाळावरची गुळाची ढेप पाठवायचीस आणि मी ती चारी बाजूंनी बघून मगच फोडायचे. मध्ये कधीतरी मी तुला सांगितलं, की यीस्टच्या दुसऱ्या एका जातीत तुझं म्हणणं खरं निघालंय, ती पेशी पडद्यातली चरबी घटली की त्यावरून ऑक्सिजन घटल्याचं ओळखते. तू नुसतं "बरं झालं" म्हणालीस. एवढंच? मी तर महिनाभर त्या "बरं झालं"चा कीस पाडत होते.

मग तुझी फुप्फुसं कडक होत गेली. कशानं, ते डॉक्टरांनाही नीट सांगता आलं नाही. मी दवाखान्यात आले तेव्हा तुझ्या नाकात ऑक्सिजनची नळी होती, बोटाला चिमटा आणि शेजारच्या यंत्रावर आकडा. तू आकड्याकडं बोट दाखवून म्हणालीस, बघ, मला सांगायला यंत्र लागतंय, यीस्ट आपलं आपण ओळखतं. मी हसले. मग तू दाजींना डब्यासाठी खाली पाठवलंस. तेव्हाच मला वाटलं, हे दाजींना पाठवणं साधं नाही.

"वैजे, खंडेनवमीला माझ्या बुचांना तेल लावायचीस न्हवं?"

मी स्टूल जवळ ओढलं. "व्हय," म्हटलं.

"शेंगतेल?"

"आमच्या घाण्यावरचं."

तू डोळे मिटून बराच वेळ हसत होतीस, मध्येच खोकत होतीस. मग एकेक वाक्य थांबत थांबत सांगितलंस. कारखान्यात टाकीतला फेस चढला की तो बसवायला वरून तेल ओततात. एकदा हवेचा पंप बंद पडला आणि यीस्टच्या टाक्या एकामागून एक थकत गेल्या. एकच टाकी टिकली, तेल ओतलेली. तू तिथं उभी होतीस आणि तुला पहिल्या वर्षीचं ते कुंकू पुसताना तेलकट झालेली बोटं आठवली. तुझी जुनी बुचं तू सांभाळून ठेवली होतीस. त्यांना तेल चोळून सगळा प्रयोग तू कारखान्याच्या लॅबमध्ये पुन्हा केलास. आठव्या पिढीपर्यंत यीस्ट थांबलं नाही. म्हणजे तुझ्या गुऱ्हाळाच्या यीस्टमध्ये जगावेगळं काही नव्हतं. ते बुचावरून उतरलेलं तेल खात होतं.

"हवा तवाबी नव्हती आन् कारखान्यातबी नव्हती," तू म्हणालीस. "तेल पोचलं म्हणून यीस्ट घाबरलं न्हाय. माझं बरोबर हुतं की गं."

बरोबर होतं. आपल्या चुकीतच तुझा पुरावा होता. मी लावलेल्या तेलानं तो तयार केला आणि मीच तो मोडून टाकला. त्या बाटलीचं बूचही तेलामुळंच सरकलं असणार. आतल्या वायूनं ते वर ढकललं, तुझ्या हातानं नाही. हे सगळं मला त्या स्टुलावर बसल्या बसल्या कळलं. हे कधी उमगलं, म्हणून विचारलं, तर तू म्हणालीस, सात-आठ वर्षं झाली. मग बोलली का नाहीस?

"सरांकडं गेलो असतो तर त्यांनी पहिलं इचारलं असतं, तेल कुणी लावलं. त्यांच्या हाताखाली तुझी नोकरी नवी हुती."

मी तुझा हात धरला. बोटं गार होती. आणि मग तू विचारलंस, अगदी सहज, छताकडं बघत, "पण सरांचे कान कुणी भरले, तेवढं काय कळलं न्हाय. तुला म्हाईत हाय का?"

"न्हाय गं," मी म्हटलं, आणि तुझ्या अंगावरची चादर सारखी करायला लागले.

तू माझ्याकडं बघितलंस. मग म्हणालीस, "जाऊ दे," आणि पाणी मागितलंस. चौथ्या दिवशी दाजींचा फोन आला.

काल पुण्यानुमोदनाला तुझ्याबद्दल बरेच जण बोलले. कारखान्याचे लोक बोलले, वस्तीतली मुलं बोलली, ज्यांना तू विज्ञान शिकवायचीस. मग दाजी माईक माझ्या हातात देता देता सगळ्यांना म्हणाले, "ह्या वैजूताई. ती कायम सांगायची, सगळी लॅब माझ्यावर संशय घ्यायची तवा एकटी वैजू माझ्या बुचांना तेल लावत हुती." लोकांनी माझ्याकडं आदरानं बघितलं. मी तुझ्या मेहनतीबद्दल आणि अक्षराबद्दल काहीतरी दोन मिनिटं बोलले आणि खाली बसले. फोटोतली तू तशीच बघत होतीस.

रात्रभर त्या वाक्याला मी सगळ्या बाजूंनी उलटंपालटं करून बघितलं. तू ते मनापासून म्हणत होतीस, की एक दिवस ते दाजींच्या तोंडून चारचौघांत माझ्यासमोर येईल म्हणून सांगून ठेवलं होतंस? दवाखान्यात तू विचारलंस तेव्हा तुला उत्तर माहीत होतं का? माहीत असेल, तर तू दार उघडून धरलं होतंस आणि मी चादर सारखी करत बसले. माहीत नसेल, तर तू शेवटपर्यंत माझ्यावर विश्वास ठेवून गेलीस. यातलं कुठलं खरं ठरलं तर मला झोप लागेल, तेच कळत नाही. तुझ्यावर संशय घेण्यात माझी वर्षं गेली आणि अजूनही मी तेच करते आहे, तेही तू गेल्यावर. याचा आता मला कंटाळा आला आहे, करुणा. खरंच कंटाळा आला आहे.

सकाळी दाजींना फोन केला. रविवारी येते, एक सांगायचं राहिलंय म्हटलं. ते म्हणाले, जेवायलाच या. मी हो म्हटलं, पण ऐकून झाल्यावर ते ताट वाढतील की नाही, माहीत नाही. नाही वाढलं तरी चालेल. माझी बाटल्यांची जुनी वही मी बरोबर नेणार आहे, रेघांची नोंद असलेली. ती मी आजवर टाकून का दिली नाही, त्याचंही कारण मला सांगता येत नाही.

दाजींच्या आधी तुला सांगायला हवं, म्हणून हे लिहिलं. सरांकडं मी गेले होते. मोडलेली एक रेघ घेऊन गेले होते. उरलेल्या नऊ रेघा जशाच्या तशा होत्या, एकही बूच हललेलं नव्हतं, आणि ते मी त्यांना सांगितलं नाही.